झोंबी-जगण्याच्या गेममध्ये औषधपेटीला खरी किंमत कशी येईल?

प्रोजेक्ट झॉम्बॉइड हा झोंबींच्या जगात तगून राहण्याचा गेम बराच काळ खेळलेल्या कोणाच्याही तळावर एक पेटी हमखास सापडते. तिच्यात प्रतिजैविकांच्या गोळ्या, जंतुनाशकाच्या बाटल्या, टाक्यांच्या सुया, चिमटे आणि बीटा-ब्लॉकरच्या डब्या साठलेल्या असतात, आणि एकदा भरल्यानंतर त्या पेटीला सहसा कोणी हात लावत नाही. दवाखाना किंवा औषधाचे दुकान लुटायला जाणे हा या गेममधला मोठा धोका असायला हवा. प्रत्यक्षात अनुभवी खेळाडू हार्डवेअरचे दुकान आणि गोदाम आधी गाठतो आणि दवाखान्याकडे वाटेत पडला तरच वळतो. असे का होते आणि मॉड (खेळाडूंनीच लिहिलेले फेरबदल) किंवा सँडबॉक्सच्या (गेमचे नियम स्वतः ठरवण्याच्या) सेटिंगमधून त्यावर काय करता येईल, याची नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच सांगतो. औषधांचे आकडे वाढवून, म्हणजे पट्टीने जखम दुप्पट वेगाने भरेल किंवा गोळीने जास्त वेदना कमी होतील असे करून, हा प्रश्न सुटणार नाही. जखम खेळाडूकडून त्याला हवी असलेली एखादी ठरावीक गोष्ट हिरावून घेते, आणि औषध तीच गोष्ट काही किंमत घेऊन परत देते, तेव्हाच औषध मोलाचे वाटते. याचा पुरावा याच गेममध्ये आहे. वेदना फार असतील तर पात्राला झोप लागत नाही, झोप नसली की थकवा साठतो, आणि थकलेल्या पात्राचे घाव हलके पडतात. म्हणून वेदनाशामक गोळ्या सगळेच जपून ठेवतात. त्या गोळ्या रात्रीची झोप परत देतात. याउलट बीटा-ब्लॉकर घाबरणे कमी करतात, पण पात्र जितके दिवस जगेल तितके त्याचे घाबरणे आपोआप कमी होत जाते. सुरुवातीच्या दिवसांत, जेव्हा या गोळीची गरज असते, तेव्हा ती हाताशी नसते, आणि हाताशी येते तेव्हा गरज सरलेली असते.

प्रतिजैविकांचे दुखणे याहून मोठे आहे. मूळ सेटिंगमध्ये झोंबीच्या ओरखड्यातून नॉक्सचा, म्हणजे माणसाला झोंबी बनवणाऱ्या विषाणूचा, संसर्ग होण्याची शक्यता ७ टक्के, फाटलेल्या जखमेतून २५ टक्के आणि चाव्यातून १०० टक्के असते, आणि एकदा तो संसर्ग झाला की कोणतेही औषध चालत नाही. साध्या जखमेत होणारा जंतुसंसर्ग गेममध्ये वेगळा दाखवला आहे, पण त्याने जखम भरायला उशीर होतो, थोडा त्रास वाढतो, आणि बहुतेक वेळा प्रकरण तेवढ्यावरच मिटते. त्यामुळे जखमांचे दोनच वर्ग उरतात: एक अटळ मृत्यूचा आणि दुसरा दुर्लक्ष करण्याजोगा. वैद्यकाचे सगळे काम ज्या मधल्या पट्ट्यात चालते, जिथे वेळेवर केलेल्या उपचाराने निकाल बदलतो, तो पट्टाच गेममध्ये अरुंद आहे. प्रथमोपचाराचे कौशल्य वाढवण्यात कोणाला रस नसतो त्याचेही मूळ मला इथेच दिसते.

इतर गेमनी हा पट्टा कसा रुंद केला ते पाहण्यासारखे आहे. २००९ साली आलेल्या लेफ्ट फोर डेड २ मध्ये वास्तवाचा फारसा आग्रह नाही, तरी तिथली औषधपेटी मला सर्वांत चांगली घडवलेली वाटते. ती गमावलेल्या आरोग्याचा ८० टक्के भाग भरून देते, पण वापरताना काही सेकंद एका जागी थांबावे लागते आणि तेवढा वेळ सोबत्यांनी राखण करावी लागते. वेदनाशामक गोळ्या लगेच ५० अंश आरोग्य देतात, पण ते हळूहळू ओसरते. दोनदा कोसळलेला खेळाडू तिसऱ्यांदा कोसळला की मरतो, आणि औषधपेटी ही मोजणी पुन्हा शून्यावर आणते. शिवाय पेटीच्याच जागेत डिफिब्रिलेटर (मेलेल्या सोबत्याला विजेच्या झटक्याने उठवणारे यंत्र) किंवा विशेष काडतुसांचा खोका ठेवता येतो, त्यामुळे पेटी उचलणे म्हणजे दुसरे काहीतरी सोडणे असते. २०१३ च्या द लास्ट ऑफ अस मध्ये औषधपेटी आणि पेटती बाटली दोन्ही अल्कोहोल आणि चिंध्यांपासूनच बनतात. हातातली बाटली आज फेकायची की तिने उद्याची जखम बांधायची, हा निर्णय गेम पुन्हा पुन्हा घ्यायला लावतो. सेव्हन डेज टू डाय मध्ये संसर्ग टक्क्यांनी चढत जातो, मधासारख्या सहज मिळणाऱ्या वस्तूने तो आटोक्यात ठेवता येतो आणि पुढच्या पायरीला प्रतिजैविके लागतात. या तिन्ही ठिकाणी औषधासोबत काळाचे गणित आहे. झॉम्बॉइडमध्ये मला नेमके तेच कमी पडलेले दिसते.

माझा मुख्य प्रस्ताव जंतुसंसर्गाबद्दलचा आहे. अस्वच्छ पट्टी किंवा न धुतलेली जखम यातून सुरू झालेला संसर्ग तीन टप्प्यांनी वाढावा. पहिल्या टप्प्यात फक्त जखमेभोवती लाली आणि वेदना असाव्यात आणि धुऊन, निर्जंतुक पट्टी बांधून तो बरा व्हावा. दुसऱ्यात ताप यावा, दम लवकर लागावा, ओझे वाहण्याची क्षमता घटावी. इथे प्रतिजैविके लागावीत. तिसऱ्यात पात्र अंथरुणाला खिळावे आणि उपचार न मिळाल्यास मरावे. प्रतिजैविकांचा उपयोग एका गोळीने न होता पूर्ण मात्रेने व्हावा, आणि मात्रा अर्धवट सोडल्यास संसर्ग परत उलटावा. याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिले गेले. काही दिवसांत त्याचा ताप उतरला, भूक परत आली, आणि तेवढ्यात औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा टोचण्यापर्यंत डॉक्टरांनी प्रयत्न केले, तरी आजार उलटला आणि मार्चच्या मध्यात तो गेला. अर्धी डबी सापडलेल्या खेळाडूला हीच घालमेल जाणवली पाहिजे. आत्ता सुरू करू, की दुसरी डबी शोधून आणेपर्यंत थांबू?

आपली मते मांडावीत.

प्रतिसाद १

निदानाशी सहमत आहे, उपायाशी पूर्णपणे नाही. टप्पे, मात्रा आणि ताप हे सगळे कागदावर चांगले दिसते, पण खेळताना त्याचे रूपांतर घड्याळ पुढे पळवत बसण्यात होते. आजही मोडलेला पाय बरा होईपर्यंत खेळाडू घरात बसून पुस्तके वाचतो आणि वेळ वेगाने जाऊ देतो. आजारपण लांबवले की वाट पाहणेच लांबते, आणि वाट पाहण्यात कोणताही निर्णय नसतो. प्रस्तावाची कसोटी अशी असावी की या बदलामुळे खेळाडूला घराबाहेर पडावे लागते का. ताप चढत असताना औषधासाठी बाहेर जाणे भाग पडत असेल तर बदल चांगला. गोळी पेटीतच असेल आणि फक्त आठवणीने गिळायची असेल, तर तो निव्वळ क्लिकचा व्याप आहे.

यातून दुसरा मुद्दा निघतो. औषधांची लूट आजच्याइतकीच मुबलक राहिली तर वरचे सगळे टप्पे व्यर्थ जातील. प्रतिजैविकांच्या मात्रेला वजन यायला हवे असेल तर त्या गोळ्या प्रत्येक घराच्या न्हाणीघरातल्या कपाटात मिळता कामा नयेत. त्या दवाखाना आणि औषधाच्या दुकानापुरत्याच राहाव्यात, म्हणजे नकाशावर त्या जागांना आपोआप महत्त्व येईल.

आणि एक आग्रहाची विनंती: चाव्यावर औषध आणू नका. एक चावा म्हणजे शेवट, या नियमामुळेच प्रत्येक झोंबीची भीती टिकून आहे. अवयव छेदून संसर्ग थांबवण्याची मॉड आहेत आणि ज्यांना ती हवीत त्यांनी जरूर वापरावीत, पण या चर्चेतल्या बदलांचा भाग तो नसावा.

प्रतिसाद २

मी रुग्णालयात काम करते आणि हा गेमही खेळते, म्हणून वैद्यकीय बाजूने काही गोष्टी मांडते. त्यांतल्या बऱ्याचशा गेमच्या दृष्टीनेही रंजक आहेत, कारण त्यांत निवड करावी लागते.

पहिली गोष्ट पाण्याची. मळलेली जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे हा सर्वांत परिणामकारक प्राथमिक उपचार आहे. अल्कोहोल उघड्या जखमेत ओतल्याने जंतूंबरोबर निरोगी पेशींनाही इजा होते, म्हणून ते हत्यारे, पट्ट्या आणि जखमेभोवतीच्या त्वचेसाठी ठेवलेले बरे. रेबीजचा संशय असलेल्या चाव्यासाठी जागतिक आरोग्य संघटना साबण आणि पाण्याने १५ मिनिटे जखम धुवायला सांगते. गेममध्ये जंतुनाशकाची बाटली एका क्लिकमध्ये सगळे काम उरकते. त्याऐवजी धुण्याला पाणी आणि वेळ दोन्ही लागले, तर नळाचे पाणी बंद झाल्यानंतरच्या दिवसांत साधा ओरखडासुद्धा वेगळा वाटू लागेल, कारण पिण्याच्या साठ्यातून जखमेसाठी किती काढायचे हे ठरवावे लागेल.

दुसरी गोष्ट टाक्यांची. खोल जखम दिसली की शिवून टाकायची, असे गेम शिकवतो. प्रत्यक्षात मळलेली, उशिरा हाती आलेली किंवा चाव्याची जखम लगेच शिवून बंद केली तर जंतू आत कोंडले जातात आणि गळू होण्याचा धोका वाढतो. अशा जखमा बऱ्याचदा उघड्या ठेवून, रोज धुऊन, काही दिवसांनी स्वच्छ झाल्या की मग बंद करतात. गेममध्ये ही निवड अशी उतरेल: लगेच शिवली तर रक्तस्राव थांबतो आणि पात्र लवकर कामाला लागते, पण संसर्गाची शक्यता चढते, उघडी ठेवली तर रोज पट्टी आणि पाणी खर्च होते, पण धोका कमी राहतो. इथे प्रथमोपचार कौशल्यालाही खरे काम मिळेल. कौशल्य कमी असलेल्या पात्राला जखम स्वच्छ आहे की नाही हे नक्की कळू नये. आज आरोग्याची खिडकी सगळे काही अचूक सांगून मोकळी होते.

तिसरी गोष्ट टूर्निकेटची, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाला आवळून बांधायच्या पट्ट्याची. हातापायातून जोरात रक्त वाहत असेल तर तो जखमेच्या वर काही सेंटिमीटर अंतरावर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत घट्ट करतात आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवतात, कारण सुमारे दोन तासांनंतर अवयवाला इजा होण्याचा धोका वाढत जातो. मान किंवा धडाच्या जखमेला त्याचा उपयोग नाही. मान, काख किंवा जांघेच्या जखमेत गॉज भरून दाब देत राहावे लागते; छाती-पोटाच्या जखमेत मात्र गॉज भरत नाहीत. गेममध्ये शरीराचे १७ भाग वेगवेगळे धरलेले असताना सगळ्यांना एकाच पट्टीचा उपचार असणे ही वाया गेलेली संधी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. गेममध्ये जे ठरेल ते गेमपुरतेच. कोणीही इथल्या चर्चेवरून स्वतःवर उपचार करू नयेत.

प्रतिसाद ३

वरचा प्रतिसाद फार उपयुक्त आहे. मी मित्रांसाठी एक छोटा सर्व्हर चालवतो, त्या अनुभवावरून बहुखेळाडू बाजू मांडतो. औषधे निरुपयोगी वाटण्याचे एक कारण म्हणजे प्रत्येक जण स्वतःचा उपचार स्वतःच पूर्ण करू शकतो. झॉम्बॉइडमध्ये दुसऱ्याची वैद्यकीय तपासणी करून पट्टी बांधण्याची सोय आहे, पण ती वापरण्याची गरज पडत नाही, त्यामुळे डॉक्टरचे पात्र घेऊन आलेला खेळाडू दोन-चार दिवसांत सुतारकाम करू लागतो.

डेझी या दुसऱ्या झोंबी-गेममध्ये ही गरज रक्तामुळे निर्माण होते. तिथे प्रत्येक पात्राला एबीओ आणि आरएच धरून रक्तगट असतो, तो कळायला तपासणीचा संच लागतो, आणि न जुळणारे रक्त चढवले तर पात्राची अवस्था सुधारण्याऐवजी बिघडते. सलाइनची पिशवी कोणालाही चालते, पण ती दुर्मीळ असते. परिणामी गटातल्या कोणाचे रक्त ओ निगेटिव्ह आहे हे सगळे लक्षात ठेवतात आणि त्या माणसाला सांभाळतात. एका वस्तूने माणसामाणसांतले नाते बदलते. बरे होण्याचे आकडे कितीही वाढवले तरी हे साधणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी की काही उपचार स्वतःवर करता यावेत पण वाईट पद्धतीने, आणि दुसऱ्याने केल्यास चांगल्या पद्धतीने. पाठीत घुसलेली काच स्वतः काढता येऊ नये. उजव्या हाताची खोल जखम डाव्या हाताने शिवली तर वेळ आणि वेदना दोन्ही वाढाव्यात. एकट्याने खेळणाऱ्यांसाठी हे सगळे सँडबॉक्समधून बंद करता यावे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल.

प्रतिसाद ४

औषधांना मुदतबाह्य तारीख असावी असे मला सुचवायचे आहे. अन्न सडते तर गोळ्या का नाही? १९९३ च्या जुलैपासून सुरू होणाऱ्या कथेत दुसऱ्या वर्षी सापडलेली प्रतिजैविके निम्म्या परिणामाची असावीत. साठेबाजी आपोआप थांबेल.

प्रतिसाद २ यांचे उत्तर

कल्पनेमागचा हेतू पटतो, पण कोरड्या गोळ्यांच्या बाबतीत ती वास्तवाला धरून नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८६ पासून साठ्यातल्या औषधांची मुदत तपासण्याचा कार्यक्रम चालवला, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आढाव्यात मूळ बंद वेष्टनातल्या ८८ टक्के साठ्यांची मुदत किमान एक वर्ष वाढवता आली होती; सरासरी वाढ ६६ महिन्यांची होती. गोळ्या कोरड्या जागी ठेवल्या तर दुसऱ्या वर्षी त्या निम्म्या परिणामाच्या होणार नाहीत.

साठेबाजी मोडायची असेल तर थंडाव्यावर अवलंबून असलेली औषधे आणावीत. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि बाहेर काढल्यावर साधारण चार आठवडे वापरता येते. रक्ताची पिशवी नेहमीच्या संरक्षक द्रावणात, शीतपेटीत, ३५ दिवस टिकते. वीज गेल्यावर जनित्राचे इंधन कशासाठी जाळायचे, हा प्रश्न यामुळे अधिक गंभीर होईल. मधुमेह असलेले पात्र निवडण्याचा पर्याय आणि त्याच्या बदल्यात सुरुवातीला जास्तीचे गुण ही जोडी मला फार आवडेल. दवाखाना गाठण्याची निकड अशा पात्राला पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

प्रतिसाद ५

मॉड लिहिणाऱ्याच्या बाजूने. यातल्या बऱ्याच गोष्टी शक्य आहेत. शरीराच्या प्रत्येक भागाच्या जखमेची संसर्ग-पातळी लुआमधून (मॉड ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहितात तिच्यातून) वाचता आणि बदलता येते, दर दहा मिनिटांनी आणि दर तासाला चालणाऱ्या घटना उपलब्ध आहेत, आणि गोळ्यांची मात्रा किती झाली हे पात्राच्या नोंदीत साठवता येते. टप्पे आणि मात्रा यांची पहिली आवृत्ती त्यामुळे अवघड नाही. अचूक माहिती लपवणे थोडे कटकटीचे आहे, कारण आरोग्याच्या खिडकीचा मजकूर बदलावा लागेल आणि तीच खिडकी बदलणाऱ्या दुसऱ्या मॉडशी संघर्ष होईल. रक्तगट आणि रक्त चढवणे बहुखेळाडू सर्व्हरवर नीट चालवायचे तर बरीच चाचणी लागेल. ते नंतर घ्यावे.

मला धागाकर्त्यांना एवढेच विचारायचे आहे, की यातला एकच बदल आधी करायचा झाला तर कोणता?

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांच्या प्रतिसादांमुळे मूळ प्रस्ताव बराच सुधारला आहे. प्रतिसाद १ मधली कसोटी मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि तिच्यामुळे माझ्या प्रस्तावातला तिसरा टप्पा बदलावासा वाटतो. अंथरुणाला खिळलेले पात्र काहीच निर्णय घेऊ शकत नाही. त्याऐवजी दुसरा टप्पाच लांब असावा, आणि तापातही पात्राला चालता, गाडी चालवता आणि थोडेफार लढता यावे, म्हणजे औषध आणायला निघायचे की नाही हा निर्णय अंगात थोडी ताकद असतानाच घ्यावा लागेल. जितका उशीर, तितका प्रवास अवघड. चाव्याला हात लावायचा नाही हेही मान्य.

मुदतीबद्दलची माहिती वाचून गोळ्यांना तारीख लावण्याचा विचार बाजूला ठेवू. शीतपेटीतली औषधे मात्र दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहून ठेवली आहेत.

एकच बदल आधी करायचा झाला तर मी जखम धुण्याचा निवडेन. प्रतिजैविकांची मात्रा मला अधिक प्रिय आहे, पण ती संसर्ग झाल्यानंतर कामाला येते, आणि संसर्ग कशामुळे झाला हे खेळाडूला कळले नाही तर तो गेमवर चिडेल. धुण्याची पायरी आधी आली की कारण त्याच्या डोळ्यांसमोर राहील: पाणी वाचवले, म्हणून ताप आला. पहिल्या आवृत्तीत एवढेच असावे. पट्टी बांधण्यापूर्वी जखम धुण्याचा पर्याय, त्याला लागणारे पाणी आणि वेळ जखमेच्या प्रकारानुसार, न धुता बांधल्यास संसर्गाची वाढीव शक्यता, आणि मळलेली जखम शिवल्यास ती आणखी जास्त. सगळे आकडे सँडबॉक्समध्ये खुले ठेवू. प्रतिसाद ३ यांच्या सर्व्हरवर नळाचे पाणी लवकर बंद होण्याची सेटिंग ठेवून याची चाचणी घेता येईल का? पाणी भरपूर असताना घेतलेल्या चाचणीतून फारसे काही कळणार नाही.

प्रतिसाद ३ यांचे उत्तर

होय, घेता येईल. नवीन नकाशा सुरू करताना पाणी आणि वीज दोन्ही लगेच बंद ठेवतो, आणि औषधांची लूट अत्यंत दुर्मीळ करतो. पावसाचे पाणी साठवण्याची पिंपेही सुरुवातीला बनवता येणार नाहीत असे पाहतो. मॉडची पहिली आवृत्ती तयार झाली की इथेच कळवा.